पेशीची मोरी तुंबते तेव्हा

माध्यमिक शाळेत पेशीअंगकांचा पाठ शिकवताना लयकारिकेच्या वाट्याला फार वेळ येत नाही. केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक यांच्यावर दोन-तीन तासिका जातात. लयकारिकेपाशी आलो की ‘आत्मघाती पिशव्या’ एवढे फळ्यावर लिहून आपण पुढे सरकतो. मुलांना ते नाव आवडते, लक्षात राहते आणि परीक्षेत एक गुणही मिळवून देते. त्या नावाने एक घोटाळा मात्र होतो. पेशी मरायला टेकली की मगच लयकारिका कामाला लागते, असा समज पक्का होऊन बसतो. प्रत्यक्षात ती अहोरात्र राबणारी जागा आहे. पेशीतले जुने झालेले, झिजलेले रेणू तिथे सुटे केले जातात आणि त्यातला कामाचा माल पुन्हा वापरात येतो. हे काम थांबले तर काय होते, हे वैद्यकाने लयकारिका माहीत होण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते. फक्त आपण काय पाहत आहोत हे तेव्हा कोणाला कळलेले नव्हते.

ही गोष्ट मुख्यतः दोन आजारांची आहे. दोन्ही मेदाचे आहेत, पण आपण ज्याला चरबी वाढणे म्हणतो त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. एका वर्षाच्या अंतराने ते वैद्यकाच्या नोंदीत आले, जवळजवळ एकाच दशकात त्यांचे कारण उमगले आणि नंतर त्यांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

पहिला आजार १८८१ सालचा. लंडनमधले नेत्रवैद्य वॉरन टे यांच्याकडे साधारण वर्षभराचे एक मूल आणले गेले. मूल मान धरत नव्हते, हातापायांत जोर नव्हता. टे यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण लावून तपासले, तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलावर, जिथे आपली नजर सर्वांत तीक्ष्ण असते नेमक्या त्या जागी, एक पांढुरका गोल पट्टा आणि त्याच्या मध्यभागी तांबूस ठिपका दिसला. पुढच्या काही वर्षांत त्याच कुटुंबातल्या आणखी मुलांमध्ये टे यांना तसाच ठिपका आढळला. सहा वर्षांनी, १८८७ मध्ये, न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ बर्नार्ड सॅक्स यांनी अशाच एका बालकाच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. बाहेरच्या थरातल्या चेतापेशी फुगून बेढब झाल्या होत्या. अशी मुले जन्मतः धडधाकट दिसतात, हसतात, खेळणे पकडू लागतात. सहा महिन्यांच्या सुमारास शिकलेले एकेक विसरू लागतात. मग दृष्टी जाते, झटके येतात आणि चौथे-पाचवे वर्ष उजाडेपर्यंत बहुतेक मुले जातात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत हा आजार अधिक दिसतो, हेही सॅक्स यांच्या लक्षात आले होते. पुढे दोघांच्या नावावरून त्याला टे-सॅक्स आजार म्हणू लागले.

त्या तांबूस ठिपक्याबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. पाहणाऱ्याची नजर साहजिकच लाल ठिपक्यावर खिळते. आजारी जागा मात्र ती नव्हेच. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर चेतापेशींचा वरचा थर नसतो, त्यामुळे तिथून मागच्या रक्तवाहिन्यांचा नेहमीचा लालसर रंग दिसतो. भोवतालच्या चेतापेशी आत साचलेल्या द्रव्याने फुगून अपारदर्शक, पांढऱ्या झालेल्या असतात, म्हणून मधला रंग उठून दिसतो. म्हणजे लाल ते निरोगी, पांढरे ते रोगट. वर्गात निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक सांगायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

दुसरा आजार १८८२ सालचा, पॅरिसमधला. फिलिप गोशे हे तेव्हा पदवीसाठी प्रबंध लिहीत होते. त्यांच्यासमोर ३२ वर्षांची एक स्त्री होती, जिची प्लीहा प्रचंड वाढलेली होती. प्लीहा वाढणे आपल्याकडे नवे नाही. हिवतापाच्या भागात ‘पाणथरी वाढली’ हे शब्द घरोघर माहीत होते. पण या बाईला ना हिवताप होता, ना रक्ताचा कर्करोग. मृत्यूनंतर प्लीहेत गोशे यांना मोठमोठ्या, फुगीर पेशी खच्चून भरलेल्या दिसल्या. त्यांनी तो प्लीहेचा अर्बुद मानला. निदान चुकले, वर्णन मात्र बिनचूक होते आणि आजाराला त्यांचेच नाव मिळाले. गोशे आजारात प्लीहा आणि यकृत वाढतात, रक्त कमी होते, अस्थिमज्जेत तेच द्रव्य साचून हाडे दुखतात आणि मोडतातही. त्याच्या सर्वसाधारण प्रकारात मेंदू मात्र शाबूत राहतो, रुग्ण मोठे होतात, पुष्कळ वर्षे जगतात.

मेंदूतल्या पेशी आणि प्लीहेतल्या पेशी यांचा एकमेकांशी संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो जोडणारा धागा त्याच सुमारास एक रसायनतज्ज्ञ लंडनमध्ये शोधत बसला होता.

योहान लुडविग विल्हेल्म थुडिकम हे मूळचे जर्मन. लंडनमध्ये वैद्यकी करून स्थिरावलेले हे गृहस्थ मद्यांवर लिहीत, पाककलेवर लिहीत आणि उरलेल्या वेळात मेंदूचे रसायनशास्त्र करीत. सरकारी मदतीने त्यांनी माणसांचे आणि बैलांचे मेंदू गोळा केले. ते मद्यार्कात उकळायचे, गाळायचे, निववायचे आणि तळाशी बसलेला साका पुन्हा विरघळवायचा, असे काम वर्षानुवर्षे चालले. मेंदूतले पाणी काढून टाकले तर उरलेल्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मेदयुक्त पदार्थांचा असतो. त्या काळी बड्या रसायनतज्ज्ञांचे मत असे होते की, मेंदूत ‘प्रोटॅगॉन’ नावाचा एकच प्रचंड रेणू असतो. हे एकच द्रव्य नसून मिश्रण आहे, असे थुडिकम ठणकावून सांगत राहिले आणि त्यापायी पुष्कळ टीका सोसत राहिले. १९०१ साली ते वारले. त्यांचे म्हणणे बरोबर होते हे सर्वमान्य व्हायला त्यानंतर आणखी काही वर्षे जावी लागली.

१८८४ च्या त्यांच्या ग्रंथात एका विचित्र घटकाची नोंद आहे. तो धड मेदाम्लांसारखा नव्हता, धड अल्कलीसारखा नव्हता. ग्रीक कथांमधल्या, कोडी घालणाऱ्या स्फिंक्सची आठवण ठेवून त्यांनी त्याला ‘स्फिंगोसिन’ असे नाव दिले. नाव अगदी सार्थ ठरले. त्याची नेमकी रचना निश्चित व्हायला १९४७ साल उजाडले.

पुढचे समजण्यासाठी स्फिंगोसिनपासून बनणाऱ्या रेणूंची ओळख करून घेऊ. स्फिंगोसिनला एक मेदाम्ल जोडले की होते सेरामाइड. हा पेशीच्या पटलात रुतून बसणारा भाग. त्याच्या टोकाला एक ग्लुकोज जोडला की झाला ग्लुकोसेरेब्रोसाइड. त्यापुढे गॅलॅक्टोज, आणखी एक-दोन निराळ्या शर्करा आणि सियालिक आम्ल असे मणी ओवत गेले की झाला गँग्लिओसाइड. पोतीतले मणी एका टोकाला पक्क्या गाठीने बांधलेले असावेत आणि दुसरे टोक मोकळे असावे, तसे हे चित्र आहे. मणी काढायचे तर मोकळ्या टोकाकडूनच, एकामागून एक. मधलाच मणी ओढून काढता येत नाही.

गोशे यांच्या रुग्णांच्या प्लीहेत साचणारे द्रव्य या घराण्यातले आहे, हे १९२४ मध्ये कळले. त्यातली शर्करा आधी गॅलॅक्टोज मानली गेली. ती ग्लुकोज आहे हे १९३४ साली पॅरिसमध्ये आगियों यांनी दाखवले. टे-सॅक्सच्या मेंदूतले द्रव्य जर्मनीतल्या कोलोनचे एर्न्स्ट क्लेंक यांनी वेगळे केले आणि १९४२ मध्ये त्याला गँग्लिओसाइड म्हटले. म्हणजे दोन्ही आजारांत साचणारे द्रव्य एकाच पोतीतले होते. गोशेमध्ये शेवटचा एक मणी उरलेली पोत, तर टे-सॅक्समध्ये अनेक मणी असलेली.

काय साचते ते कळले. का साचते, हा प्रश्न तसाच राहिला.

आता या प्रश्नाला ‘पेशी ते द्रव्य जास्त बनवत असेल’ असे सरळ उत्तर सुचते. पुष्कळ जणांना तेच वाटत होते. यामागे शरीराबद्दलची एक जुनी कल्पना होती. खाल्लेले अन्न इंधन म्हणून जळते, शरीराचा सांगाडा मात्र एकदा बांधला की तसाच राहतो, फक्त झिजेपुरती डागडुजी होते, अशी ती कल्पना. इमारत वेगळी आणि चुलीतले लाकूड वेगळे. या कल्पनेला धक्का दिला तो रुडॉल्फ शोनहायमर यांनी. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. हायड्रोजनचे जड समस्थानिक, म्हणजे ड्युटेरियम, त्याआधी दोनच वर्षे तिथल्याच हॅरल्ड युरी यांनी शोधले होते. शोनहायमर आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी ड्युटेरियमची खूण केलेला मेद उंदरांना थोडा थोडा खाऊ घातला. इतका थोडा मेद लगेच जळून जायला हवा होता. तो गेला चरबीच्या साठ्यात, आणि साठ्यातला जुना मेद तिथून निघून वापरला गेला. उंदराचे वजन वाढले नव्हते, माल मात्र बदलला होता. शरीरातला प्रत्येक घटक सतत मोडला जात असतो आणि सतत बनत असतो, हे १९३५ पासूनच्या त्यांच्या प्रयोगांनी दाखवले. शोनहायमर १९४१ मध्ये अकाली गेले, त्यांचे या विषयावरचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

चयापचय हा आपला शब्द किती नेमका आहे पाहा. चय म्हणजे जमवणे, अपचय म्हणजे मोडणे. शिकवताना आपण पहिल्या अर्ध्यावर भर देतो आणि दुसरा अर्धा ‘ऊर्जा मिळते’ एवढ्यावर उरकतो. शोनहायमर यांच्यानंतर साचण्याचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारता येऊ लागला. घरात पाणी साचले तर दोन कारणे संभवतात. नळ जास्त सुटला असेल, नाहीतर मोरी तुंबली असेल. यातले कोणते? आणि मोरी असेल, तर पेशीत ती आहे कुठे?

मोरी सापडली ती दुसरेच काही शोधताना. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात क्रिस्तियाँ द द्यूव हे इन्सुलिन यकृतावर कसे काम करते याचा शोध घेत होते. उंदराचे यकृत साखरेच्या द्रावणात हलकेच घोटायचे, अपकेंद्रण यंत्रात फिरवून त्यातले जड-हलके कण वेगळे करायचे आणि कोणते विकर कोणत्या थरात सापडते ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९४९ च्या डिसेंबरात ते आम्ल फॉस्फटेज नावाचे एक विकर सहज तुलनेसाठी मोजत होते. आकडा आला अपेक्षेच्या जेमतेम एक-दशांश. आपल्या प्रयोगवहीत असा आकडा आला की मुले तो खोडून शेजाऱ्याच्या वहीतला लिहितात. द द्यूव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने शीतकपाटात ठेवून दिले आणि पाच दिवसांनी पुन्हा मोजले. आता विकर भरपूर होते! मोजमापात चूक नव्हती. विकर आधीपासून तिथेच होते, पण कशाच्या तरी आत कोंडलेले होते, आणि पाच दिवसांत त्या पिशव्या फुटून ते बाहेर आले होते. १९५५ पर्यंत याच पिशव्यांत आणखी काही विकरे सापडली. सगळी मोडतोड करणारी, सगळी आम्लधर्मी परिस्थितीत काम करणारी. त्यांनी या कणांना लायसोसोम म्हटले. आपल्या पुस्तकात त्याची लयकारिका झाली. द द्यूव यांना यासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक दोघांबरोबर विभागून मिळाले.

पिशवी फुटली तर पेशी आतूनच पचून जाईल या कल्पनेतून ते ‘आत्मघाती’ विशेषण आले. पण ही विकरे आम्लात चालतात आणि पिशवीबाहेरच्या पेशीद्रवात आम्लता नसते. त्यामुळे एखाददुसरी पिशवी गळली म्हणून पेशी मरत नाही. तेव्हा फळ्यावर ते नाव लिहिलेच तर शेजारी ‘पेशीची मोरी आणि भंगारखाना’ असेही लिहायला हरकत नाही.

मोरी आणि आजार यांची गाठ घातली ऑन्री-जेरी एर्स यांनी, तेही लूव्हाँमध्येच. डच वैद्य पोंपे यांनी १९३२ मध्ये एका बालकाचे वर्णन केले होते, ज्याचे हृदय ग्लायकोजेन साठून खूप मोठे झाले होते. ग्लायकोजेन मोडणारी तेव्हा माहीत असलेली सर्व विकरे अशा रुग्णांत ठीक असत. मग साचते का? एर्स यांनी १९६३ मध्ये दाखवले की, लयकारिकेत ग्लायकोजेन मोडणारे एक स्वतंत्र विकर असते आणि या बालकांत नेमके तेच नसते. हा आजार मेदाचा नव्हता, पण किल्ली सगळ्यांना लागू पडणारी होती. लयकारिकेतले एकच विकर नसले तर त्या विकराने मोडायचे द्रव्य पिशवीत साचत जाणार. इतिहासाकडे पाहिले तर आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ मध्येच, एखादे विकर जन्मतः नसल्याने आनुवंशिक आजार होतात, असे लंडनच्या व्याख्यानांत सांगितले होते. ते विकर पेशीत कुठे बसते हे कळायला इतका काळ गेला.

आता पुन्हा गोशे यांच्या आजाराकडे. अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉस्को ब्रेडी यांनी नळ की मोरी हा प्रश्न प्रयोगाला लावला. गोशेच्या रुग्णांच्या प्लीहेचे तुकडे घेऊन ते ग्लुकोसेरेब्रोसाइड किती वेगाने बनवतात ते आधी पाहिले. वेग सर्वसाधारणच होता. नळ ठीक होता. मग किरणोत्सारी कार्बनची खूण असलेला ग्लुकोसेरेब्रोसाइड प्रयोगशाळेत तयार करून घेतला आणि ऊती तो किती मोडतात ते मोजले. निरोगी ऊतीतून खूण केलेले ग्लुकोज सुटून बाहेर येई, रुग्णांच्या ऊतीतून फारच थोडे येई. १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पोतीतला तो शेवटचा मणी काढणारे विकर दुबळे होते.

हा मेद येतो तरी कुठून? तर रोज मरणाऱ्या रक्तपेशींतून. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या वर तांबड्या पेशी निकालात निघतात आणि प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा यांतल्या भक्षकपेशी त्यांचा फडशा पाडतात. पचायला सर्वांत कठीण भाग म्हणजे त्या पेशींचे पटल. म्हणूनच गोशेमध्ये प्लीहा फुगते, हाडे पोखरतात. आणि चेतापेशींच्या पटलात गँग्लिओसाइडांची रेलचेल असते, म्हणून टे-सॅक्समध्ये मेंदू जातो.

टे-सॅक्सचे विकर १९६९ मध्ये शिंतारो ओकाडा आणि जॉन ओब्रायन यांनी शोधले. त्याचे नाव हेक्सोसामिनिडेज-ए. याचे एक जुळे भावंड आहे, हेक्सोसामिनिडेज-बी, ते रुग्णांत व्यवस्थित असते. म्हणून एकूण मोजले तर गडबड लक्षात येत नाही. पण दोघांच्या स्वभावात एक फरक आहे. गरम केले की ‘ए’ निकामी होते आणि ‘बी’ टिकते. रक्तद्रवाचे दोन भाग करायचे, एक तापवायचा, दुसरा तसाच ठेवायचा, दोन्हींतले विकर मोजायचे. वजाबाकी म्हणजे ‘ए’. इतकी साधी युक्ती! तिच्यामुळे वाहक, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून एकच सदोष जनुक आलेली, धडधाकट माणसेही ओळखता येऊ लागली, कारण त्यांच्यात ‘ए’चे प्रमाण निम्म्यावर असते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक. मेंडेलचे वाटाण्याचे गणित हेच.

पूर्व युरोपीय ज्यूंमध्ये साधारण तिसांत एक माणूस वाहक होता. मायकेल काबॅक यांनी १९७१ मध्ये बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या परिसरात ज्यू धर्मगुरूंना, वैद्यांना आणि तरुण जोडप्यांना आधी समजावून सांगून, मग स्वखुशीने रक्त तपासण्याची मोहीम काढली. तपासणी प्रार्थनामंदिरांच्या आवारात होई. अमेरिका आणि कॅनडामधल्या ज्यू समाजात टे-सॅक्सची बालके जन्मण्याचे प्रमाण पुढच्या काही दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. आजाराला औषध नसताना केवळ माहितीने एवढे साधल्याचे उदाहरण विरळा. यात गर्भपाताचा प्रश्न आहे, विवाह ठरवण्यात ढवळाढवळीचा प्रश्न आहे, आणि ते सोपे नाहीत. तरीही ही मोहीम समाजाला विश्वासात घेऊन झाली, वरून लादली गेली नाही, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

औषधाच्या वाटेवर मात्र गोशे पुढे निघून गेला. नसलेले विकर बाहेरून दिले तर? पेशी बाहेरचे जे काही गिळते ते शेवटी लयकारिकेतच जाते, तेव्हा विकरही आपोआप योग्य जागी पोहोचेल, असे द द्यूव यांनी १९६४ मध्ये सुचवले होते. १९६८ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी तसे होते हे प्रयोगशाळेत दाखवले. दोन वेगवेगळ्या साठवण आजारांच्या रुग्णांच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या, तर एकीचे विकर दुसरीला मिळून दोन्ही सुधारत. ब्रेडी यांनी विकरासाठी सहज मिळणारी मानवी ऊती निवडली. बाळंतपणानंतर पडणारी वार! तिच्यातून शुद्ध केलेले विकर १९७४ मध्ये दोन रुग्णांना टोचले. दोघांच्याही यकृतातले साचलेले द्रव्य २६ टक्क्यांनी कमी झाले.

मग गाडी अडली. विकर जायचे भक्षकपेशींत आणि शिरत होते यकृताच्या इतर पेशींत. पत्ता चुकत होता. विकराच्या अंगावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात, आणि भक्षकपेशींच्या पटलावर मॅनोज नावाची शर्करा पकडणारे ग्राही असतात, हे तोवर लक्षात आले होते. ब्रेडी यांच्या गटाने साखळीच्या टोकाच्या शर्करा कापून काढल्या आणि आतला मॅनोज उघडा पाडला. आता पत्ता बरोबर लागला. पहिल्या चाचणीत मात्रा सर्वांना सारखीच दिल्याने फरक दिसला तो फक्त सर्वांत लहान मुलात, कारण वजनाच्या मानाने त्यालाच ती पुरी पडली होती. मात्रा वाढवून बारा रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. बाराही जणांचे हिमोग्लोबिन वाढले, सर्वांची प्लीहा उतरली. त्याच वर्षी औषधाला परवानगी मिळाली. एका रुग्णाला वर्षभर पुरेल एवढ्या विकरासाठी हजारो वारा लागत. १९९४ पासून तेच विकर हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत मानवी जनुक घालून बनवले जाऊ लागले.

आता तुम्ही विचाराल, हीच युक्ती टे-सॅक्सला का लागू पडत नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये केशवाहिन्यांच्या पेशींची घट्ट वीण असते. विकराएवढा मोठा रेणू तिच्यातून सहसा पार होत नाही. सदोष जनुकाचे नेमके स्वरूप १९८८ मध्ये कळले, निरोगी जनुक विषाणूच्या पाठीवर घालून मेंदूपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न दोन बालकांवर झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण खात्रीचा उपचार आजही नाही. मोरी उपसता येत नसेल तर निदान नळ बारीक करावा, म्हणजे मेद बनवणाऱ्या विकरालाच आवर घालावा, असाही विचार झाला. त्यातून निघालेल्या गोळ्या २००२ नंतर गोशेच्या काही रुग्णांना मिळू लागल्या.

गोशेने एक अनपेक्षित धागाही हाती दिला. त्याच्या रुग्णांत आणि त्यांच्या नातेवाइकांत कंपवात जास्त आढळतो, असे काही वैद्यांना दिसत होते. २००९ मध्ये अनेक देशांतल्या सोळा केंद्रांची माहिती एकत्र केली, तेव्हा गोशेच्या जनुकातले दोष कंपवाताच्या रुग्णांत इतरांच्या मानाने पाचपटीहून जास्त सापडले. ही माणसे गोशेची रुग्ण नव्हती, बहुतेक केवळ वाहक होती. मोरी पूर्ण तुंबली नाही, नुसती संथ झाली, तरी साठ-सत्तर वर्षांत चेतापेशींना ते भोवत असावे. नेमके कसे, यावर आता मोठे संशोधन चालू आहे.

आपल्या देशात हे आजार नाहीत असा समज वैद्यकातही बराच काळ होता. ते ‘ज्यूंचे आजार’ मानले जात. पण सदोष जनुक कोणत्याही समाजात असू शकते, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत दोन सारखी जनुके एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहेच. २०१२ मध्ये भारतीय टे-सॅक्स बालकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुजरातमधल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक कुटुंबांत एकच बदल सापडला, बहुधा कोणा एका जुन्या पूर्वजाकडून आलेला. ज्यूंमधल्या बदलांपेक्षा तो वेगळा आहे.

गोशेचे औषध भारतात मिळते, पण ते दर पंधरवड्याला, जन्मभर आणि वजनाच्या प्रमाणात द्यावे लागते. म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात गोशेचा समावेश झाला, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यातल्या केंद्रांपैकी एक ठरले आणि २०२२ मध्ये एका रुग्णामागे पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा ठरवण्यात आली. जन्मभराच्या औषधाला ती रक्कम किती वर्षे पुरणार, याचे गणित प्रत्येक कुटुंबाला वजनकाट्यावर मूल उभे करून मांडावे लागते. टे-सॅक्सच्या बाबतीत गणितच निराळे आहे. तिथे विकत घ्यायला औषध नाही. पण एका समाजात एकच ठरावीक बदल असेल तर तो शोधणारी तपासणी सोपी होते, आणि ज्या घरात एक मूल या आजाराने गेले आहे त्या घरातल्या भावंडांना, चुलत-मामे भावंडांना लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ती करून घेता येते.